अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

करारनाम्याच्या अखेरच्या पानावर, उभय पक्षांच्या व साक्षीदारांच्या नावांच्या आधी, एक परिशिष्ट जोडलेले असते आणि लिहून देणाराने लिहून घेणाराच्या स्वाधीन केलेल्या जिनसांची मोजदाद त्यात नमूद केलेली असते. माझ्या परिशिष्टात छताचे पंखे ३, दिव्यांच्या नळ्या ५, गिझर १, स्वयंपाकघरातील चिमणी १, लोखंडी कपाट १, पडद्यांच्या दांड्या ४ आणि चाव्यांचे जुडगे २ अशी नोंद होती. सदरहू जिनसा चालू स्थितीत मिळाल्या असून मुदतीअंती त्या तशाच परत करीन, असे मी कबूल केले होते. आणि त्या मजकुरासाठी यंत्रावर अंगठा टेकवताना, ज्या सागवानी चौकटीतून मी त्या घरात पाऊल टाकले होते ती चौकट, तिच्या शेजारचा हातभर खोल कोनाडा, डोक्यावरची कौले आणि दक्षिणेच्या खिडकीतून दिसणारा चिंचेचा शेंडा यांपैकी कशाचाही उल्लेख त्या यादीत नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात यायला एक पावसाळा जावा लागला.

पनवेलच्या टपाल नाक्याच्या मागच्या अंगाला ज्या जुन्या आळ्या अजून उरल्या आहेत त्यांपैकी एका आळीत हे दुमजली घर उभे आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, समोर ओटी, ओटीच्या कोपऱ्यातून वर जाणारा अरुंद लाकडी जिना, आणि वर एके काळी एकसलग असलेली माडी, अशी त्याची रचना. घरमालकीणबाई खाली राहतात. आळीतले लहानथोर त्यांना काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचे चिरंजीव पुण्याला नोकरीस असतात. आई एवढ्या घरात एकटी पडू नये, वर कोणाची तरी पावले वाजत राहावीत आणि घराच्या डागडुजीपुरते चार पैसेही सुटावेत, या हेतूने त्यांनी तीन वर्षांपूर्वी माडीचे नूतनीकरण करविले. मध्ये आडभिंती घालून दिवाणखाना आणि निजावयाची खोली निराळी केली, मागच्या टोकाला स्वयंपाकघर व न्हाणीघर काढले, लाकडी तक्तपोशीवर गिलावा ओतून चकचकीत फरश्या बसविल्या, भिंतींवर सिमेंटचा गिलावा व त्यावर पांढरी पुट्टी चढविली. आणि तीन पिढ्यांनी जिला नुसते ‘माडी’ म्हटले तिला दलालाच्या वहीत ‘वन बीएचके, रिनोव्हेटेड’ असे नाव मिळाले. हे काम मायेपोटी झाले होते. त्यात जे चुकले त्याविषयी मी पुढे लिहिणार आहे, परंतु ज्या मुलाने आईच्या डोक्यावर माणसांची वर्दळ राहावी म्हणून कर्ज काढून घर दुरुस्त केले त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

मी येथल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकविते. वाईहून बदलीच्या नोकरीवर आलेल्या एकट्या बाईने नव्या पनवेलात किंवा खारघरला एखाद्या उंच इमारतीत जागा घ्यावी, तेथे उद्वाहक असतो, पहारेकरी असतो, चोवीस तास पाणी असते, असा सल्ला मला सर्वांनी दिला आणि तो सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने खोटा नव्हता. परंतु ज्या दिवशी मी ही माडी पाहायला आले त्या दिवशी दुपारचे ऊन कोनाड्यात पडलेले होते. नव्या रंगाच्या, नव्या फरश्यांच्या त्या खोलीत तेवढा एक कोनाडा कसा कोण जाणे जुना राहिला होता, त्याच्या तळाशी तेलाचा काळसर डाग होता आणि वरच्या कमानीवर काजळीची जीभ उमटलेली होती. कित्येक संध्याकाळी त्या ठिकाणी दिवा लागला असला पाहिजे, त्याखेरीज चुन्यात काजळी इतकी खोल मुरत नाही. मी तेथेच होकार दिला.

करार घरीच झाला. हल्ली दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावे लागत नाही. एक तरुण मध्यस्थ छोटे यंत्र घेऊन ओटीवर येतो, आधार क्रमांक घेतो, छबी टिपतो, अंगठे घेतो आणि एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क व एक हजार रुपये नोंदणी शुल्क भरले की दस्त नोंदला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९चा असून तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्यातील पंचावन्नाव्या कलमाने असा करार लेखी व नोंदणीकृतच असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची, असे ठरविले. करार अकरा महिन्यांचा. त्या दस्ताची भाषा मी नीट वाचली, कारण जुनी कागदपत्रे वाचणे हा माझा व्यवसायच आहे. त्यात मी भाडेकरू नाही. मला त्या जागेत राहण्याची केवळ परवानगी आहे. जागेचा कायदेशीर कब्जा मालकाचाच राहतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. भाडेकरूला जागेत काही हितसंबंध असतो. परवानगीदाराला तो नसतो. शब्दाशब्दाने मनुष्याला घरापासून चार अंगुळे वर उचलून धरलेले आहे.

हा कायदा असा का झाला याला कारण आहे, आणि ते कारण मुंबईच्या चाळींच्या भिंतींवर आजही वाचता येते. १९४७च्या कायद्याने मुंबईतील जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० रोजी जी होती त्या पातळीवर बांधून टाकली. त्या काळी ते न्याय्यच होते. युद्धानंतर गावोगावचे लोक मुंबईत लोटत असताना मालकाच्या मर्जीवर हजारो संसार टांगणीला लागू देणे हे कोणत्याही सरकारला शोभले नसते. परंतु पुढे पन्नास वर्षे भाडे तेच राहिले, चुना महागला, गवंड्याची मजुरी वाढली, आणि मालकाने इमारतीकडे पाहणे सोडले. भाडेकरूला कायमचे स्थैर्य मिळाले पण ज्या छपराखाली ते मिळाले ते छप्पर गळू लागले. आता उलट झाले आहे: मालक घर रंगवतो, फरश्या बसवतो, आणि राहणाऱ्याला अकरा महिन्यांनी पेटी बांधायला सांगू शकतो. एका कायद्याने माणूस सांभाळला आणि घर सोडून दिले. दुसऱ्याने घर सांभाळले आणि माणूस सोडून दिला. दोहोंना एकाच वेळी जपणारा मार्ग काढण्याइतकी बुद्धी आपल्या समाजात नाही असे मी मानीत नाही. तशी निकड अद्याप वाटली नाही, इतकेच.

आपल्या भाषेने मात्र हा प्रश्न फार पूर्वी आपल्या परीने सोडविला आहे. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला मराठीत ‘बिऱ्हाड’ म्हणतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे म्हणताना त्या शब्दातला तात्पुरतेपणा पुढे येतो. पण ‘तिने चांगले बिऱ्हाड मांडले आहे’ असे म्हणताना त्याच शब्दात चूल, देव, पाण्याचा माठ, पाटावरवंटा आणि माणसांचे रुसवेफुगवे असा भरलेला संसार उभा राहतो. जे आज आहे आणि उद्या हलेल, पण आहे तोवर पुरते आहे, अशा वस्तीला दिलेला हा शब्द कोणत्याही दस्तात लिहीत नाहीत. माझा करार झाला त्या संध्याकाळी शेजारणीने ओटीवरून हाक मारून विचारले, “काकू, वर नवीन बिऱ्हाड आलं का हो?” आणि दस्ताने उचलून धरलेले माझे पाय त्या एका प्रश्नाने जमिनीला लागले.

पनवेलला असा शब्द सहज वापरला जावा हे स्वाभाविकच आहे, कारण हे गाव मुळात मुक्कामाचे. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याकडे निघालेला मनुष्य मचव्यात बसे, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून पनवेलच्या बंदराला लागे आणि तेथून पालखी, घोडा किंवा गाडी करून घाटाची वाट धरी. उलट दिशेने येणाऱ्याला पाणी चढेपर्यंत थांबणे भाग असे. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, घाटावरचा माल चाकांवरून बंदरापर्यंत येऊ लागला, आणि जेथे गलबत व बैलगाडी यांची गाठ पडत होती त्या या गावात गाडीची चाके बनविण्याचा धंदा भरभराटीला आला. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात पनवेलच्या तांदळाच्या व्यापाराबरोबर या चाकांचीही दखल घेतलेली आहे. बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली १८५३ साली. पनवेलची नगरपालिका त्याच्या आदल्याच वर्षी, १८५२ साली, स्थापन झालेली आहे. मग १८६३मध्ये लोहमार्ग बोरघाट चढून गेला, पुण्याची वाट कर्जतवरून वळली आणि पनवेलच्या बंदरावरची गर्दी हळूहळू ओसरली. ज्या सावकारांनी व व्यापाऱ्यांनी येथे वाडे बांधले होते त्यांच्या माड्या रिकाम्या पडू लागल्या, आणि रिकाम्या माडीत बिऱ्हाड ठेवणे हा तेव्हापासूनचा रिवाज असावा, असे मला वाटते.

आता ते वैभव पुन्हा परतून येत आहे, निराळ्या रूपाने. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९९८ साली मुंबईची लोकल पनवेलपर्यंत आली, २०१६च्या ऑक्टोबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि २०२५च्या ऑक्टोबरात तालुक्यातल्याच भूमीवर नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जुन्या आळ्यांतील प्रत्येक घरापुढे आज एकच प्रश्न उभा आहे: पाडायचे की राहू द्यायचे. आमच्या आळीत ओळीने अकरा घरे होती असे काकू सांगतात. त्यांपैकी चार उरली. उरलेल्या चारांत जी तीन माणसांनी भरलेली आहेत तीच धड आहेत; चौथ्याला कुलूप आहे, आणि दर पावसाळ्यात त्याची काही कौले आत कोसळल्याचा आवाज रात्री येतो.

जूनमध्ये पाऊस लागला. पनवेलचा पाऊस वाईच्या पावसासारखा येऊन जात नाही. तो वस्तीला येतो. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पडणारे ते पाणी नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपे येते आणि पश्चिमेच्या भिंतीला झोडपते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या निजावयाच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, नव्या पांढऱ्या रंगावर तळहाताएवढा फुगवटा आला. दुसऱ्या दिवशी तो फुटला आणि त्यातून पिठासारखी पांढरी भुकटी खाली सांडली. मी बोटाला लावून पाहिली, खारट होती. चार दिवसांनी फुगवटे सात झाले. महिन्याच्या अखेरीस ती अख्खी भिंत रोग्याच्या त्वचेसारखी सोलवटून निघाली आणि उशीला, पुस्तकांना, कपाटातल्या लुगड्यांना ओलसर वास येऊ लागला.

काकू जिना चढून वर आल्या, गुडघे दुखत असताना आल्या, आणि भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “लोणा लागला,” त्या म्हणाल्या. “मी या घरात आल्यापासून या भिंतीला लोणा कधी लागला नव्हता.” त्यांचा आवाज ज्या तऱ्हेने खाली गेला त्यावरून त्यांना भिंतीइतकेच मुलाविषयीही वाईट वाटत आहे, हे मी ओळखले.

त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध गवंडी आले. त्यांनी छिन्नीने गिलाव्याचा तुकडा उडवून आतली वीट मला दाखविली, आणि जे सांगितले ते मी ग्रंथांतून वाचले असूनही तोवर मला समजलेले नव्हते. जुन्या विटा, आणि त्यांना जोडणारा चुना, ही दोन्ही श्वास घेणारी द्रव्ये आहेत. पावसात भिंत पाणी पिते आणि उघडीप पडली की ते हवेत सोडून देते. चार महिने ओली आणि आठ महिने कोरडी राहूनही ती शंभर वर्षे टिकते ती या देवघेवीमुळे. चुन्याचा गिलावा कळीचा चुना मुरत घालून, वाळूबरोबर घाणीत मळून, कोठे गुळाचे व हिरड्याचे पाणी घालून करीत, आणि तो भिंतीला हे पिणे-सोडणे करू देई. सिमेंटचा गिलावा मात्र भिंतीचे तोंड बंद करतो. आत शिरलेले पाणी कोंडते, विटेतले क्षार विरघळून बाहेर येऊ पाहतात, रंगाच्या पाठीमागे त्यांचे स्फटिक होतात आणि ते रंगाला ढकलून देतात. “भिंतीला झाकलंत की ती आतून रडते,” असे ते गवंडीबाबा म्हणाले. त्यांना ते वाक्य सुचावे लागले नव्हते, ते रोजच्या बोलण्यातले होते.

पण पाणी आत शिरलेच कोठून? ते शोधण्यासाठी त्यांनी मला खाली परसात नेऊन वर पाहायला सांगितले. पश्चिमेच्या बाजूला छपराचा उतार भिंतीपुढे दीड हात आलेला होता, तेथे वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग बसविण्यासाठी वासे कापून तो निम्मा केलेला होता. पूर्वी पागोळ्या भिंतीपासून दूर, परसातल्या दगडी पन्हळीत पडत. आता त्या भिंतीवरूनच ओघळत होत्या. वळचण हे घराने आपल्या अंगावर ओढून घेतलेले इरले आहे. ती कापली की घर उघड्यावर भिजते. त्या दीड हाताच्या वळचणीचे कारण ज्याला ठाऊक नाही त्याला ती वाया गेलेली जागा वाटावी, हे मी समजू शकते. कारण आराखड्यावर ती कोणत्याच खोलीत धरली जात नाही.

त्या दिवसानंतर मी घराकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. नव्या कामाने जे झाकले त्याखेरीज जे झाकावयाचे राहिले ते शोधू लागले. आढ्याजवळ काही कौले बदलताना जुनी खाली उतरवून ठेवलेली होती. मी त्यांतले एक उलटे करून पाहिले तर त्याच्या पोटावर मंगळूरच्या कारखान्याची उठावदार अक्षरे होती. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या घडणीची कौले पश्चिम किनाऱ्याच्या बंदराबंदरांतून उतरली. हे वर्गात शिकविताना मी अनेकदा सांगितले आहे, पण ज्या कौलाखाली मी निजते त्याच्या पाठीवर हात फिरवीपर्यंत ते माझ्या अंगी लागले नव्हते. आणि मग श्रावणातल्या एका दुपारी, ओले कपडे घेऊन आत येताना, दरवाजाच्या चौकटीवर मला ती खूण दिसली.

आत शिरताना उजव्या हाताच्या खांबावर, माझ्या खांद्याहून थोडी वर, सागवानाचा रंग एका उभ्या पट्टीपुरता फिका होता. पट्टी बोटभर रुंद आणि चार बोटे लांब; तिच्या वर एक आणि खाली एक अशी खिळ्यांची दोन बारीक भोके. भोवतीचे लाकूड हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत व काळे झालेले होते. त्या जागी वर्षानुवर्षे काहीतरी लावलेले होते, आणि येणारे-जाणारे त्याला हात लावीत होते.

मी काकूंना विचारले. तेव्हा त्या पडवळ चिरीत होत्या, विळीवरचा हात थांबला. “इस्रायलांची डबी होती ती,” त्या म्हणाल्या. “मी लग्न होऊन आले तेव्हा वर त्यांचं बिऱ्हाड होतं. टपालखात्यात होते ते. येता-जाता डबीला बोटं लावायचे आणि बोटं ओठांना. लेकरंसुद्धा. पाय उंचावून लावायची.” मग थोड्या वेळाने, जणू ते सांगितल्यावाचून गोष्ट पुरी होत नाही म्हणून, त्यांनी पुस्ती जोडली: “गेले तेव्हा बाई डबी काढून घेत होत्या, आणि रडत होत्या.”

पनवेलात बेने इस्रायल या ज्यू समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे, ते १८४९ साली बांधलेले. म्हणजे नगरपालिकेहूनही तीन वर्षांनी वडील. आपले पूर्वज अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेले, ही या समाजाची परंपरा. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले, गावांवरून पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी आडनावे त्यांनी घेतली, आणि त्यांच्या सणांची नावेही मराठीच झाली. प्युरिमला ते होळीचा सण म्हणत. देवालयाच्या विध्वंसाचे सुतक पाळावयाच्या दिवशी वालाचे बिरडे करीत म्हणून तो बिरड्याचा सण. आणि वर्षातला जो सर्वांत गंभीर उपवासाचा दिवस, ज्या दिवशी दार लावून घरात बसून राहायचे, तो दारफळणीचा सण. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी या समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि पुढे कोकणातली ही बिऱ्हाडे एकामागून एक उठली. तिकडे गेल्यावरही त्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले. पडवळ चिरून झाल्यावर काकूंनी सांगितले की होळीच्या आसपास वरून पुरणाच्या पोळ्या खाली येत, आणि दिवाळीत खालून फराळाचे ताट वर जाई, आणि दोन्ही ताटे रिकामी परत करावयाची नाहीत असा दोन्ही घरांचा रिवाज होता.

त्या डबीला मेझूझा म्हणतात. तिच्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेली धर्मवचने असतात. मी ज्यू धर्मशास्त्रातले तिच्याविषयीचे नियम मिळवून वाचले, आणि त्यांतले दोन मला असे भेटले की मी त्या रात्री बराच वेळ जागी राहिले. पहिला नियम खास भाड्याने राहणाऱ्यासाठीच आहे. पवित्र भूमीत घर भाड्याने घेतले तर मेझूझा तात्काळ लावावी. पण तिच्याबाहेर, परक्या देशात, भाड्याच्या घरात राहायला आलेल्याला ३० दिवसांची सूट आहे. तोवर तो पाहुणा. तिसावा दिवस उलटून गेला आणि तो तेथेच राहिला, की ते घर त्याचे धरले जाते, आणि धर्माचे ऋण त्याच्यावर लागू होते. मालकीचा कागद तेथे कोणी पाहत नाही. दुसरा नियम त्याहून थोडक्यात आहे: मेझूझा लावणे हे राहणाराचे कर्तव्य, घरमालकाचे नव्हे.

राहणाराचे कर्तव्य! आपल्याकडे घराविषयी जे काही कर्तव्य असेल ते मालकाचे, आणि राहणाराकडे हक्क असतील तर असतील, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. आमच्या करारनाम्यातही मोठी दुरुस्ती लिहून देणाराकडे आणि दिव्याची नळी बदलणे लिहून घेणाराकडे, एवढाच विचार आहे. परंतु भिंत कोठे ओली होते, कोणते कौल सरकले, कोणत्या बाजूने झड येते, हे पुण्याला राहणाऱ्या मालकाला कसे कळावे? ते ज्याच्या उशाशी भिंत आहे त्यालाच कळते. ज्याला कळते त्याने गप्प राहून अकरा महिने मोजावेत आणि पेटी उचलावी, हे कायद्याला चालेल. ज्या टपालखात्यातल्या गृहस्थाने तिसाव्या दिवसानंतर या परक्या चौकटीवर खिळे ठोकले असतील त्याला ते चालले नसते. ती चौकट त्याची नव्हती. ती त्याला इतकी आपली वाटली की आपल्या धर्मातली सर्वांत जपावयाची वचने त्याने तिच्या स्वाधीन केली.

मी काकूंच्या चिरंजीवांना पत्र लिहिले. तक्रारीचे नव्हे. भिंतीचे वर्णन लिहिले, गवंडीबाबांचे म्हणणे लिहिले, वळचणीचे रेखाचित्र काढून जोडले, आणि मला वातानुकूलन यंत्राची गरज नाही, ते काढून वळचण पूर्ववत करावी, त्याबदल्यात दोन महिन्यांच्या भाड्याइतका भार मी उचलीन, असे कळविले. ते पुढच्याच रविवारी आले. मी वापरलेले शब्द कदाचित त्यांना लागतील अशी मला धास्ती होती. पण त्यांनी भिंतीला हात लावला, लहानपणी याच भिंतीला टेकून ते पाढे पाठ करीत असत असे सांगितले, आणि “मला कोणी आधी सांगितलंच नाही हो बाई,” एवढेच म्हणाले. माझा भार घेण्यास मात्र त्यांनी साफ नकार दिला.

दसऱ्यानंतर काम सुरू झाले. पश्चिमेच्या भिंतीवरचे सिमेंट उतरवून वीट दोन महिने उघडी ठेवली. त्या काळात मी दिवाणखान्यात निजले. कापलेल्या वाशांना नवे तुकडे जोडून वळचण पुन्हा दीड हात पुढे आली आणि उतरवून ठेवलेली जुनी कौले तिच्यावर चढली. चुना परसात एका जुन्या टाकीत महिनाभर मुरत घातला होता. त्याच्यावर पाण्याची साय धरे आणि काकू रोज सकाळी ती काठीने हलवून पाहत. घाणी आता कोठे मिळत नाही, म्हणून गवंडीबाबांनी आपल्या नातवाकडून तो मिक्सरच्या यंत्रात फिरवून घेतला, पण गूळ मात्र काकूंनीच घातला, आणि किती घालायचा याविषयी त्या दोघांचा बराच वाद झाला. गिलावा पांढरा स्वच्छ नाही. किंचित पिवळसर आहे आणि त्यावर थापीचे अस्पष्ट वळसे दिसतात. सकाळचे ऊन त्याच्यावर पडले की खोली दुधात भिजल्यासारखी होते.

रंगारी चौकटीपाशी आला तेव्हा त्याने सवयीने लांबीचा गोळा हातात घेतला. मी त्याला थांबविले. “भोकं बुजवायची नाहीत?” त्याने विचारले. खालून काकूंनी ते ऐकले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरून मोठ्याने सांगितले, “नाही! राहू दे तशीच!”

फेब्रुवारीत मुदत संपली आणि करार पुन्हा अकरा महिन्यांसाठी वाढवायचे ठरले. तोच तरुण यंत्र घेऊन ओटीवर आला. त्याने जुना दस्त उघडून परिशिष्ट वाचून दाखविले: पंखे ३, नळ्या ५, गिझर १. वातानुकूलन यंत्राचा प्रश्नच नव्हता, ते पहिल्या यादीतही राहून गेले होते. मी काही बोलण्याच्या आत काकू पुढे झाल्या. आता त्या मला बाई म्हणत नाहीत, एकेरीने हाक मारतात.

“सागवानी दार लिही त्यात,” त्या मुलाला म्हणाल्या. “चौकटीसकट. आणि कोनाडा १. आणि मंगळुरी कौलं. अगं, किती गं कौलं आहेत पश्चिमेला?”

मी मोजलेली होती. “दोनशे चौदा.”

मुलाने ते सर्व मुकाट्याने टंकित केले. मग काकू थोड्या थबकल्या आणि चौकटीवरच्या खुणेचेही लिहून घ्यायला सांगू लागल्या. तो त्यांच्याकडे पाहत राहिला. परिशिष्टात जिन्नस, नग आणि स्थिती असे तीनच रकाने असतात, आणि ही गोष्ट त्यांपैकी कोठे बसवायची हे त्याला कळेना. शेवटी मी सांगितले तसे त्याने लिहिले आणि काकूंना वाचून दाखविले: दाराची सागवानी चौकट, नग १, उजव्या खांबावर खिळ्यांची भोके, नग २, स्थिती चालू. काकूंनी मान हलविली, पदराला हात पुसला आणि यंत्रावर अंगठा टेकविला.